मावशींना का बदलायचं?

बालमित्रांनो, मोटारीची किल्ली फिरवली की चालकासमोर बरेच दिवे लागतात, पाहिलेत ना? त्यांत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. इंजिन सुरू झालं की तो विझायला हवा. गेल्या वर्षी आमच्या गाडीतला काही केल्या विझेना. त्याची आणि माझ्या फजितीची ही गोष्ट.

गणपतीला तीन आठवडे होते. सांगलीहून कुंभार्ली घाट उतरून आम्हाला चिपळूणला आजीकडे जायचं होतं. मी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनरची पिन बसवली. पडद्यावर अक्षरं आली : पी ०१७१.

ही गाडीची सांकेतिक भाषा बरं का! अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली, कारण बिघडलेलं इंजिन हवा जास्त घाण करतं. या भाषेत ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच असलेला संकेत. त्यानंतरचा १ म्हणजे तक्रार हवा आणि इंधनाची. पुरा अर्थ असा, की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. एरवी १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते.

धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ही चुगली करतो. मिस्त्री म्हणाले, “सेन्सर गेलाय, साहेब.” बदलला. संकेत पुसला, दिवा विझला. चौथ्या दिवशी पुन्हा हजर! मग हवा मोजणारा सेन्सरही बदलला. पैसे गेले ते गेलेच, आणि निघायच्या आदल्या दिवशी दिवा परत लागला.

मी वैतागलो होतो. तेवढ्यात मागून आमची धाकटी म्हणाली, “बाबा, सिग्नलला थांबलो की पुढून सुस्स आवाज येतो. सायकलच्या ट्यूबसारखा. गाडी पळायला लागली की नाही येत.”

“गप्प बस! तूच कसलं तरी बटण दाबलं असशील,” मी खेकसलो.

ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. घाटात वाऱ्यावर तोंड काढून बडबडणारी ही पोर तेव्हाही गप्पच होती.

परतल्यावर दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “काही आवाज येतो का?”

“नाही,” मी म्हणालो.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “सांग बाळा, काय ऐकलंस?” तिनं सगळं सांगितलं.

मिस्त्री हसले. इंजिनात हवा जाते त्या वाटेनं त्यांनी यंत्रातून पांढरा धूर सोडला. आणि काय गंमत! एका रबरी नळीच्या खालून धुराची बारीक रेघ वर आली. नळी चिरली होती. सेन्सरच्या मानानं तिची किंमत किरकोळ निघाली.

मग सेन्सर खोटं बोलत होता का? मुळीच नाही. तुमच्या शाळेचंच उदाहरण घ्या. फाटकावर गुरुजींनी ४० मुलं मोजली, तेवढ्यांची खिचडी शिजली. पण कुंपणाच्या भोकातून आणखी ६ जण आत शिरले तर? वाढणाऱ्या मावशी ओरडणारच, “खिचडी कमी पडली!” आता सांगा पाहू, मावशींना बदलून खिचडी पुरेल का? आमच्या नळीतून अशीच न मोजलेली हवा शिरत होती. इंजिन मंद चालताना ती जोरात ओढली जाते, म्हणून सिग्नललाच आवाज! संकेत फक्त तक्रार सांगतो. भोक आपणच शोधायचं असतं.

आईबाबांसाठीही एक गोष्ट. हा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर मात्र ती बाजूला घेऊन थांबवाच.

घरी येताना मी धाकटीला म्हटलं, “अगं, मिस्त्रींसमोर लगेच का नाही बोललीस?”

“आधी सांगितलं होतं ना, बाबा. तुम्ही गप्प बस म्हणालात.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. “चुकलो,” एवढंच म्हणालो.

नळी बदलल्यावर दिवा जो विझला तो आजतागायत लागला नाही. गाडीत धाकटीची बडबड सुरू व्हायला मात्र आणखी दोन दिवस लागले.