उजव्या हाताचा अंगठा

दस्तलेखनाचा व्यवसाय आमच्या घराण्यात तीन पिढ्यांचा आहे, आणि लिहिणाऱ्या हाताचे श्रम कसे वाचतील ही विवंचनाही त्या व्यवसायाबरोबरच माझ्याकडे वारशाने आली आहे. आजोबा शिरूरच्या मामलेदार कचेरीबाहेर बसून मोडीत खरेदीखते आणि गहाणखते लिहीत. त्यांच्या हातचे काही कागद अद्याप माझ्या दप्तरात जपलेले आहेत. प्रथम कागदाच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत अखंड रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली, लेखणी होईल तितकी कमी उचलीत, अक्षराला अक्षर जोडीत जावयाचे, अशी त्या लिपीची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेधही तिने बाळगला नाही. परंपरा तिचे कर्तृत्व यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे देते. तिचा कर्ता कोणीही असो, दिवसभर लिहून दुखणारे मनगट त्याने जवळून पाहिले असले पाहिजे, असे ते कागद उलगडताना मला प्रत्येक वेळी वाटते.

वडिलांच्या हयातीत मोडी मागे पडली आणि बाळबोध आली. बाळबोध वाचणाऱ्याला सुखाची खरी. पण तीत अक्षरागणिक हात उचलावा लागतो, आणि सुवाच्यतेचा तो मोबदला वडिलांच्या बोटांनी आयुष्यभर चुकता केला. मी शिरूरच्या टंकलेखन वर्गात शिकलो तेव्हा यंत्रावर मराठी उमटवण्यातही कष्ट थोडे नव्हते. अर्धी अक्षरे निराळी, काने-मात्रा निराळ्या, आणि कार्बन घालून प्रती काढावयाच्या म्हणून प्रत्येक आघात जोराचा. त्यातही मनाला खरा शीण येई तो पुनरुक्तीचा. दस्त शिरूरच्या बागायतीचा असो की दौंडच्या जिरायतीचा, जमीन विकणारा ती ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप’ यांसह विकत असे, आणि ही भारदस्त शब्दपंक्ती, जिच्याविषयी मला आजही आदर आहे, ती प्रत्येक खरेदीखतात पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने ठोकावी लागे.

गेल्या शतकाच्या अखेरीस संगणक आला आणि त्याच्याबरोबर माऊस आला. तो पहिला माऊस तळाशी गोळा असलेला होता. शिरूरच्या उन्हाळ्यातील धूळ त्यात शिरे, पडद्यावरचा बाण अडखळू लागे, आणि मग तळाची चकती फिरवून रबराचे आवरण असलेला तो जड गोळा तळहातावर घ्यावयाचा व आतील दोन बारीक रुळांवर चिकटलेली काळपट मळाची पट्टी नखाने अलगद खरवडून काढावयाची, हा माझ्या सकाळच्या कामाचा भाग झाला होता. एक रूळ बाणाची आडवी गती मोजी, दुसरा उभी. हे तत्त्व मूळचे डग्लस एंगेलबार्ट यांचे. त्यांच्या कल्पनेवरून कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ मध्ये पहिला माऊस घडला, तो लाकडाच्या ठोकळ्याचा आणि दोन चाकांचा; ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे त्यांनी तो जाणकारांपुढे चालवून दाखवला, आणि १९७० मध्ये त्याचे एकस्व त्यांना मिळाले. त्या प्रयोगात माऊसवर तीन बटणे होती आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक लहानसा कळफलक. पुढे १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने सामान्य माणसाला एकच बटण पुरे असे ठरवले. म्हणजे हाताला किती अधिकार द्यावेत हा वाद या वस्तूच्या जन्मापासूनचा आहे, आणि मी त्यात एंगेलबार्ट यांच्या बाजूचा आहे. जो मनुष्य एकच काम वर्षानुवर्षे करतो त्याच्या बोटांना शिकवता येते. त्यांना कायम नवशिक्याच्या मापाने तोलणे हा त्यांचा अवमान होय.

मधल्या काळातील सुधारणा सुखद होत्या. बोटाखालचे चाक आले, गोळ्याच्या जागी प्रकाश आला, नखाने मळ काढणे संपले. परंतु काम मात्र वाढले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ‘सरिता’ आणि नंतर ‘आय-सरिता’ ही प्रणाली आली, दस्तातील तपशील आगाऊ भरून ठेवण्याची सोय झाली, आणि खातेदाराचे तेच नाव, तोच गट नंबर, तेच क्षेत्र सातबाऱ्यावरून दस्तात आणि दस्तावरून त्या नमुन्यात उचलून ठेवताना तर्जनीचा सांधा संध्याकाळी ठणकू लागला. तेव्हा ज्याच्या बटणांना आपल्या इच्छेप्रमाणे कामे नेमून देता येतात असा, ‘प्रोग्रामेबल’ म्हणतात तो माऊस घ्यावा, असे मी ठरवले आणि पुण्यास तपकीर गल्लीत जाऊन अनेक नमुने हातात धरून पाहिले. ही वस्तू चित्रावरून घेण्यासारखी नाही. तळवा तिच्यावर विसावतो की तिला कवटाळून बसतो, हे हातात धरल्यावाचून कळत नाही.

रेझर कंपनीच्या नागा या माऊसवर अंगठ्याखाली बारा बटणे आहेत. ती पाहून मन क्षणभर लोभावले. पण ज्या बोटाने आजवर कधी निवड केली नाही त्याच्यापुढे बारा दारे उघडणे मला अन्यायाचे वाटले. लॉजिटेकचा एमएक्स मास्टर हाताला फार सुखद, आणि अंगठ्याजवळचे त्याचे आडवे चाक हिशेबाचे रुंद तक्ते पाहणाऱ्याला मोलाचे. तरी तो मी घेतला नाही. त्याच्या बटणांची नेमणूक संगणकात बसवलेल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते, आणि मी काही दिवस शिरूरच्या कचेरीत तर काही दिवस न्हावरे, केडगाव, चौफुला या मार्गाने दौंडच्या कचेरीत बसतो; मला पिशवीत घालून नेता येईल आणि कोणत्याही संगणकाला जोडताच माझ्या सवयी स्वतःबरोबर घेऊन येईल, असा माऊस हवा होता. अशी स्वतःची स्मृती असलेले माऊस मुख्यतः खेळाडूंसाठी घडवलेले असतात. कचेरीच्या कामासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा खेळासाठी घडवलेली वस्तू दस्तलेखकाला अधिक उपयोगी पडावी, हे मला तेथे उभे असताना उमगले, आणि लॉजिटेकचाच तारेचा जी ५०२ मी घेतला. अंगठ्यापाशी तीन बटणे, तर्जनीच्या कडेला दोन, आणि डावीउजवीकडे कलणारे चाक. शिवाय ते चाक मोकळे सोडता येते, आणि लांबलचक वाटणीपत्राच्या तळाशी एका झटक्यात पोचता येते.

नेमणुकीचा विचार मात्र खरेदीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ घेणारा ठरला. पहिली अडचण मराठीची. माऊसच्या स्मृतीत अक्षरे राहात नाहीत, कळफलकावरील कळांचे क्रम राहतात. म्हणून ‘जल, तरु, तृण’ इनस्क्रिप्टमध्ये नोंदवून एका बटणात साठवले आणि त्या घटकेला संगणक इंग्रजीवर असला, तर कागदावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटणार. यावरचा उपाय सरळ आहे. तो मजकूर वर्डमध्ये दोन अक्षरांच्या नावाने ठेवावयाचा, ती दोन अक्षरे टंकावयाची, आणि त्यांचा विस्तार करणारी एफ-३ ही कळ अंगठ्याच्या तिसऱ्या बटणाला द्यावयाची. शब्द मग वर्डच्या स्वाधीन राहतात आणि बटण केवळ त्यांना हाक मारते. उरलेल्या दोन बटणांना नक्कल उचलणे आणि ठेवणे, चाकाच्या डाव्या कलाला भाषा पालटणे, उजव्या कलाला केलेले परत घेणे, आणि तर्जनीजवळच्या दोहोंना जतन करणे व एका खिडकीतून दुसरीत जाणे, अशी वाटणी झाली.

खरा प्रश्न चतुःसीमेचा होता. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस या क्रमाने मिळकतीच्या चार बाजू लिहावयाच्या. आणि शिरूर व दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते, त्यामुळे तिच्या काठच्या जमिनींचे दस्त आमच्याकडे पुष्कळ येतात. नदी एकच, पण शिरूरच्या बाजूच्या शेताला ती बहुधा दक्षिणेस असते आणि दौंडच्या बाजूच्या शेताला उत्तरेस. नवा माऊस आल्यावर काही दिवसांनी काठच्या गावचा एक वृद्ध शेतकरी माझ्या शेजारच्या बाकावर बसला होता, बटण दाबताच चार ओळी एकदम पडद्यावर आलेल्या पाहून तो पुढे वाकला आणि म्हणाला, “अण्णा, आधी लिवून ठिवलंय व्हय? न्हाई, आमची नदी दक्षिनंला हाय म्हून म्हनलं.” मी त्याला त्या ओळींपुढील मोकळी जागा दाखवली. बटणाने चार दिशांची नावे आणली होती, पुढचे रकाने रिकामे होते, आणि ते त्याच्या तोंडून ऐकून, सातबारा व नकाशा पुढे ठेवून मी कळफलकावर एकेक अक्षराने भरले. त्याचे समाधान झाले, आणि माझ्या पद्धतीची यथार्थता मला त्याच्या त्या शंकेतच दिसली. दस्तातील जे सर्वांचे आहे ते बटणाला द्यावे. जे त्या एका माणसाचे आहे, त्याचे नाव, त्याचा गट, त्याची नदी, ते हाताने सावकाश लिहावे.

याच न्यायाने काही कामे मी कोणत्याही बटणाला दिलेली नाहीत. मुद्रांक शुल्काचा भरणा, आगाऊ नोंद पाठवणे आणि मजकूर नष्ट करणे, ही ती कामे. आमच्या व्यवसायात संमतीची खूण म्हणून निरक्षर पक्षकाराचा डावा अंगठा पिढ्यान्‌पिढ्या कागदावर उमटत आला आहे. शाई लावण्यापूर्वी त्याला दस्त वाचून दाखवावयाचा, हा वडिलांचा दंडक होता. माझ्या उजव्या अंगठ्याला आता इतका अधिकार मिळाला असता त्याने तरी न वाचता काही पुढे जाऊ देऊ नये, अशी माझी इच्छा आहे. तर्जनीचा ठणका पुष्कळ कमी झाला आहे, हेही येथे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे.

दौंडच्या कचेरीत उरलेले दिवस माझी पुतणी बसते. तिच्यासाठी असाच दुसरा माऊस मागवावा असे माझ्या मनात आहे. पण ती डावखुरी आहे, आणि हा माऊस उजव्या तळव्याच्या वळणानेच घडवलेला आहे. दोन्ही अंगांना सारखा आणि दोन्हीकडे बटणे असलेला, शिवाय स्वतःची स्मृती बाळगणारा असा नमुना क्वचितच दिसतो. येत्या खेपेस पुण्याला तिलाच बरोबर न्यावयाचे ठरले आहे, कारण तिच्या हाताचे माप तिच्या हातालाच ठाऊक. आपल्या तिसऱ्या बटणाला काय द्यावयाचे याची एक यादी तिने आतापासूनच करून ठेवली आहे, आणि ती माझ्या यादीशी मुळीच जुळत नाही.