चार ईसा अन् दाहा

वऱ्हाडात बारावीनंतर मुलांपुढे तीन वाटा असतात : डॉक्टर, इंजिनिअर आणि "आता काय करतो मग?" या तिसऱ्या वाटेवर बी.कॉम. लागतं. प्रस्तुत लेखक त्याच वाटेने बँकेच्या काउंटरपर्यंत पोचला आहे, त्यामुळे तिची थट्टा करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आमच्या कन्येने मात्र चौथीच वाट काढली. म्हणाली, "बाबा, मी फ्रेंचमध्ये मेजर करणार."

अमरावतीहून अकोल्याला जायला गाडीला दोन तास लागतात. घरच्या बातमीला दोन मिनिटं पुरतात. तिच्या मामांचा फोन आला. "भाऊजी, पोरगी मिलिटरीत चालली म्हन्ता?"

मी खुलासा केला, की २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून मुख्य विषयाला 'मेजर' म्हणतात आणि जोडविषयाला 'मायनर'.

"बरं. पन फ्रेंच कायले? अकोल्यात कोन बोलते फ्रेंच?"

"अकोल्यात कॅल्क्युलस तरी कोण बोलतं?" मी म्हणालो. मामांनी विचार करायला फोन ठेवला, आणि विचार करून रविवारी ते स्वतःच आले.

तसे मामा फ्रेंचच्या विरुद्ध नाहीत. गेल्या वर्षी कन्या डेल्फ नावाची फ्रेंचची परीक्षा पास झाली. प्रमाणपत्रावर 'ए-वन' लिहिलेलं पाहून मामांनी अकोल्यात गल्लीभर पेढे वाटले. ए-वन ही सगळ्यात खालची पायरी असते, तिच्यावर ए-टू, मग बी, मग सी, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. पेढे चांगले होते.

पण छंद निराळा आणि डिग्री निराळी. शिवाय कॉलेज कुठलं, तर दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिथे फ्रेंचचं बी.ए. ऑनर्स अगदी पहिल्या धड्यापासून शिकवतात, आणि २०२२ पासून त्यासाठी सीयूईटी नावाची देशभरची परीक्षा द्यावी लागते. सौ.ने "दिल्ली" एवढं एकच अक्षर ऐकलं आणि ती चहा टाकायला उठली. आमच्या घरी काळजी वाटली की चहा होतो.

"आपला अन् फ्रेंचांचा संबंध काय?" मामांनी मूळ मुद्दा काढला.

संबंध आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात आर्थर वेलस्ली नावाच्या साहेबाने अकोला जिल्ह्यातल्या आडगावला भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांना हरवलं, आणि डिसेंबरात चिखलदऱ्याजवळचा आमचा गाविलगड घेतला. हाच साहेब पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. म्हणजे पाहुणा एकच. आमच्याकडे आधी येऊन गेला इतकंच. एकाच माणसाने छळलेल्यांत एक नातं असतं. एकाच मॅनेजरच्या हाताखाली नोकरी केलेल्यांना हे लगेच पटेल.

मग कन्येने नमुने दाखवले. पक्ष्यांना फ्रेंचमध्ये 'वाझो' म्हणतात. लिहिताना अक्षरं सात, पण त्यातल्या एकाचाही नेहमीचा उच्चार होत नाही. हजेरीपटावर सात जण आणि काउंटरवर कोणीच नाही, हा प्रकार मला तरी नवा नव्हता. त्यांच्यात नपुंसकलिंगही नाही. आपलं टेबल 'ते', त्यांचं 'ती'. आपली कॉफी 'ती', त्यांचा 'तो'. बँक मात्र दोन्हीकडे 'ती'.

आकड्यांशी आलो तेव्हा मी सावरून बसलो, कारण तो माझा प्रांत. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा'. ऐंशी म्हणजे 'चार-वीस'. सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-सात'. शेजारच्या बेल्जियमवाल्यांनी सत्तर आणि नव्वदसाठी सरळ वेगळे शब्द ठेवले आहेत. फ्रान्स काही हलत नाही. असा चेक कोणी लिहून आणला तर रोखपालाने रडायचं कुठे?

कोपऱ्यात आई तूर निवडत बसली होती. चौथीच्या पुढे ती शाळेत गेलेली नाही. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? चार ईसा अन् दाहा अन् सात. आमी कडब्याच्या पेंढ्या अशाच मोजत होतो."

सगळे गप्प झाले. कन्येने वही काढून ते लिहून घेतलं. मामा म्हणाले, "म्हन्जे आत्याबाई फ्रेंचच बोलत होत्या इतके दिवस!" आणि विरोध तिथेच संपला. सौ.ने पुन्हा चहा टाकला, पण या वेळी त्यात वेलची होती.

परवा कन्येला अठरा पूर्ण झाली. तिचं खातं मायनरचं मेजर करून घेतलं : एक फॉर्म, दोन फोटो, तिची नमुना सही. या क्षणापासून पालकाची सही खात्यावर चालत नाही. हे वाक्य मी काउंटरवरून कितीतरी बापांना सांगितलं आहे, आणि ते बाप उगाच दोन मिनिटं तिथे का रेंगाळतात, याचा मला नेहमी राग येई. परवा माझ्याच मागे रांग थांबली होती.

दिल्लीच्या तिकिटाचे पैसे मात्र माझ्या खात्यातून गेले. तिथे माझी सही अजून चालते.