बिसखापर

पनागरच्या ज्या घरात तानाजीच्या घोरपडीची गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली, त्याच घराच्या मागच्या अंगणात घोरपडीची पिल्ले तीन पिढ्या ठेचून मारली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. गोष्टीतली ती घोरपड होती; अंगणातले ते बिसखापर होते.

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पनागर आहे. पावसाळ्यात भात, थंडीत गहू, हरभरा आणि मटार. हा मुलूख 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या काळी आणि त्यानंतरही नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे या भागात रुजली. गुरुजींचे घर त्यांपैकीच एक. उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर बुंदेली वळणाची हिंदी, अशी त्या घराची रीत. सरपटणाऱ्या जिवांनाही ती लागू होती. आत सापसुरळी, बाहेर बामनी; आत सरडा, बाहेर गिरगिट. नावांच्या या जोड्या मुलांना आपोआप पाठ होत. एकट्या बिसखापराला मात्र आतले नाव नव्हते. ते जसेच्या तसे घरात आले, आणि येताना आपले भयही घेऊन आले. याच्या तोंडात नागाहूनही जहाल विष असते, तो चावला की माणसाला पाणी मागण्याइतकीही उसंत मिळत नाही, असे गावात सांगत.

गुरुजी नऊ वर्षांचे असताना गोवऱ्यांच्या ढिगामागून एक वीतभर प्राणी बाहेर आला. अंगावर पिवळसर ठिपक्यांच्या रांगा, दुभंगलेली जीभ आतबाहेर करणारा. त्यांनी पाट्याचा वरवंटा उचलून त्याच्यावर टाकला. वडिलांनी पाठ थोपटली. त्या रात्री आईने कोंढाण्याची गोष्ट सांगितली: कड्याला चिकटलेली घोरपड, तिच्या शेपटीला बांधलेला दोर, 1670 च्या माघातली काळोखी रात्र. ही घोरपड इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही असे अभ्यासक म्हणतात, ते खरेही असेल. पण मुधोळच्या घोरपडे घराण्याचे आडनावही अशाच एका कडा चढण्याच्या आख्यायिकेला टेकलेले आहे. मराठी मनाने या प्राण्याला आपले मानले, एवढे निश्चित. मुलाने त्या रात्री मोठ्या अभिमानाने ती गोष्ट ऐकली. हात तेव्हा धुतलेले होते.

पुढे शाळेत शिकवीत असताना, चाळिशीच्या सुमारास, ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्यांना ते चित्र दिसले. ठिपक्यांचे पिल्लू आणि शेजारी तिची मातकट, ओबडधोबड आई. घोरपडीच्या पिल्लाचे रंग प्रौढ घोरपडीहून निराळे आणि उठावदार असतात, म्हणून लोकांनी त्याला वेगळाच प्राणी ठरवले. पावसाळ्यात मादी बिळात किंवा वारुळात अंडी घालते. ती उबून पिल्ले निघायला कित्येक महिने लागतात. घोरपड किडे, भुंगेरे, बेडूक, उंदीर खाते. पक्ष्यांची अंडी सापडली तर तीही सोडत नाही. चावली तर जखम होते, पण माणूस मरेल असे विष तिच्याजवळ नसते. गुरुजींनी पुस्तक मिटले, आणि त्या दिवशी तासाला काही शिकवले नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगत.

त्यानंतर ते गावात सांगू लागले. कोणी ऐकले नाही. ‘‘मास्साब, किताब को थोड़े ही काटता है,’’ असे एका म्हाताऱ्या गुराख्याने त्यांना सुनावले, आणि त्यावर त्यांना उत्तर सुचले नाही.

हाच गुराखी परियट नदीवर गुरे पाजायला नेई. परियटमध्ये मगरी आहेत. खऱ्याखुऱ्या, माणसाला इजा करू शकतील अशा. तरी मगरीविषयी त्याच्या बोलण्यात एक आदर असे, कारण मगर नर्मदामाईचे वाहन. दुग्धशाळांच्या शेणाने परियटचे पाणी नासले, त्याचे दुःखही त्याला मगरीच्या निमित्ताने होई. घोरपडीला असा देव उरला नाही. कधीकाळी होता: मध्ययुगीन शिल्पांत गौरीच्या पायाशी गोधा कोरलेली आढळते. पण मूर्तीतली गोधा कोणाची ओळखीची राहिली नाही. वास्तविक, या भूमीवर सरपटणाऱ्यांचा हक्क माणसाच्या आधीचा. जबलपूरच्या बडा शिमला टेकडीजवळ स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला 1828 मध्ये मोठी हाडे सापडली. तीच पुढे 1877 मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस या नावाने ओळखली गेली. घोरपड त्या महाकाय प्राण्यांची वंशज नव्हे, दूरची नातलग. पण त्या नात्यापुढे आपले तीन पिढ्यांचे रहिवासीपण गुरुजींना किरकोळ वाटे.

भयाची ही तऱ्हा केवळ पनागरची नाही. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर इग्वाना नावाचे सरडे आहेत. तिथले अनेक रहिवासी त्यांना भितात. 1879 ते 1916 या काळात भारतातून हजारो गिरमिटिया मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्याच मळ्यांतील उंदरांसाठी 1883 मध्ये मुंगूसही नेले, आणि त्याने उंदरांबरोबर तिथले जमिनीवरचे सरडेही फस्त केले. तुरा असलेला इग्वाना शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला तो 1981 मध्ये, तोवर बराच उशीर झाला होता.

आईच्या देवघरात एक चांदीची डबी असे. तिच्यात शेंदरात ठेवलेली हत्थाजोडी, म्हणजे जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी एक मुळी. घरात बरकत राहते म्हणून ती वडिलांनी एका मेळ्यातून आणली होती. दर दिवाळीला तिची पूजा होई. आईमागे ती डबी गुरुजींच्या सुनेने सांभाळली. 2017 मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली की, हत्थाजोडी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा अनेक वस्तू मुळी नसून नर घोरपडीच्या जननेंद्रियाचा वाळवलेला भाग निघाल्या. काही तर नुसते प्लास्टिक. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ज्या प्राण्याला सर्वांत कडक संरक्षण दिले, तो देवघरांतून असा पुजला जात होता.

गुरुजींनी बातमी दोनदा वाचली. मग सुनेला हाक मारून डबी मागितली आणि ओसरीवर बसून उघडली. शेंदूर जुना, काळवंडलेला. आतली वस्तू त्यांनी उजेडात धरली, नाकाजवळ नेली, पुन्हा ठेवली. मुळी, प्राणी की प्लास्टिक, ते त्यांना ठरवता आले नाही.

‘‘परत ठेवू का देवघरात?’’ सुनेने विचारले.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘फेकूही नकोस.’’

डबी त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात गेली. त्या वर्षी पाऊस लवकर आला, आणि गोवऱ्यांचा ढीग हलवताना सुनेने काठी मागितली नाही. तिने गुरुजींना हाक मारली.