रिकामा रकाना म्हणजे ‘निरंक’ नव्हे

घरातली एखादी आरोग्याची फाईल उघडा. काही रकाने रिकामे दिसतील. त्यांचा अर्थ तुम्ही काय लावता?

मी एकदा चुकीचा लावला. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका गावची ताई, तिसरा महिना, पहिलं बाळंतपण. फाईलमध्ये ‘सिकलसेल’पुढे काहीच नव्हतं. दोष असता तर कोणीतरी लिहिलं असतं, असं मी धरलं. पाचव्या महिन्यात सहज विचारलं, तर म्हणाली, “ते तपासणी माही झालीच नाही, डॉक्टरसाहेब.”

सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला. त्या चाचणीतून वाहक कोण आणि आजारी कोण हे कळत नाही, म्हणून एचपीएलसी केली. ती वाहक निघाली, म्हणजे ‘एएस’. नवराही ‘एएस’. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला ‘एसएस’, म्हणजे आजार, असण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी जितकी लवकर तितकी सोयीची. इथे दोन महिने माझ्या गृहीतकात गेले. बाळ ‘एएस’ निघालं. ते नशीब, माझी हुशारी नव्हे.

साथरोगांच्या कामात जुनी रीत आहे: रुग्ण नसला तरी ‘निरंक’ अहवाल पाठवायचा. कारण अहवाल न येणं म्हणजे शून्य रुग्ण नव्हे.

संगणकातही हेच. ‘जेसन’ नोंदीत रकानाच नसणं, त्यात ‘नल’ असणं, रिकामी अक्षरं असणं आणि शून्य असणं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थ आधी ठरवला नसेल, तर प्रत्येक जण आपापला लावतो. मधुमेहावरच्या ‘पिमा’ या प्रसिद्ध माहितीसंचात ७६८ स्त्रियांपैकी ३५ जणींचा रक्तदाब शून्य लिहिला आहे! जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य कसा असेल? मोजलाच नव्हता. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने स्वीकारलेल्या ‘फायर’ मानकात म्हणून मूल्य का नाही, तेही लिहिता येतं: ‘विचारलं नाही’, ‘विचारलं, पण माहीत नाही’.

तुम्ही एवढंच करा. सिकलसेल, रक्तगट, औषधाची ॲलर्जी, या रकान्यांत काही नसेल तर डॉक्टरांना विचारा, “तपासलं, की राहिलं?” आणि उत्तर तारखेसह लिहून घ्या. मीही आता रकाना रिकामा सोडत नाही. ‘तपासणी बाकी’ लिहितो.