कापूस घरात ठेवून पाहा

चि. बाईस,


दिवाळीत जेवताना तू म्हणालीस, "बाबा, भाव बाजारालाच ठरवू द्यावा. सरकार मध्ये पडलं की सगळं बिघडतं." मी काही बोललो नाही. राग आला नव्हता; उत्तर जुळवायला एवढे दिवस लागले.

मूर्तिजापूरच्या स्टेशनावर तू लहानपणी शकुंतला पाहिलीस. यवतमाळ आणि अचलपूरला तेव्हा जाणारी ती अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीची. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला पोचावा, म्हणून ती आली. तिचं १९२१ साली बांधलेलं इंजिनही मँचेस्टरचंच. ते १९९४पर्यंत धावलं. पण रूळ पडायच्या कितीतरी आधी, १८५३ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं निजामाकडून वऱ्हाड थकबाकीपोटी ताब्यात घेतलं होतं. आधी सत्ता आली, मग बाजार.

सरकारचं गुणगान मी करत नाही. १९७२पासून एकाधिकार खरेदीत कापूस सरकारलाच घालावा लागे, तेव्हाची कोंडी मला आठवते. सरकारच शेतकऱ्याचा भाव पाडतं, हे शेतकरी नेते शरद जोशींचं म्हणणं मला आजही पटतं. १९ ऑगस्ट २०२५ला तेच झालं. आयात कापसावरचा ११ टक्के कर काढला, आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन आपल्या वेचणीचे महिने! बाहेरचा कापूस तरी कुठं मोकळ्या बाजारातला? अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना जे अनुदान देते, त्याविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. शेवटी २०१४ साली अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. आपल्याला कोण देणार?

पण माझं खरं दुखणं याहून साधं आहे. मोकळा सौदा म्हणजे दोघांनाही 'नाही' म्हणता आलं पाहिजे. वेचाईची मजुरी रोख लागते. कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, तुझ्या वसतिगृहाची फी, सगळं एकाच वेळी दारात उभं राहतं. कापूस घरात भरून ठेवावा, तर पोराबाळांच्या अंगाला खाज सुटते, वाळून वजन घटतं, ठिणगीची भीती वेगळीच. त्या साली हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर होता. तरी पहिल्या वेचणीचा कापूस मी खेडा खरेदीत, म्हणजे गावातच आलेल्या व्यापाऱ्याला, त्याहून कमी भावात घातला. "ओला आहे," एवढंच व्यापारी म्हणाला. त्याला महिनाभर थांबता येत होतं. मला तो आठवडासुद्धा काढता येत नव्हता.

तुझ्या पुस्तकात मागणी आहे, पुरवठा आहे. त्यातला विकणारा किती दिवस थांबू शकतो, हे तुझ्या सरांना विचार. आणि पुढच्या वेचणीला चार दिवस काढून ये. कापसाच्या हर्रासाला, लिलावाला, आपण दोघं जाऊ.

तुझे
बाबा