मॉरिशस : लांबलेल्या आयुष्याचे बेट

पोर्ट लुईच्या बंदरातून क्युरपीपकडे निघालेला रस्ता सतत चढत जातो. किनाऱ्यावरचा उकाडा मागे पडतो, उसाच्या हिरव्या रानांवर ढग उतरतात आणि अर्ध्या-पाऊण तासात प्रवासी सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या थंड, ओलसर शहरात पोहोचतो. हे शहर भरभराटीस आले ते हवेच्या सुखासाठी नव्हे, मृत्यूच्या भयाने.

१८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भीषण साथ आली. १८६७ या एकाच वर्षी पोर्ट लुईत वीस हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्यांना परवडले ते डोंगरावर गेले. ऊसमळ्यांत राबणाऱ्यांना मात्र ही वाट बंद होती. १८३४ पासून कराराने आणलेल्या या भारतीय मजुरांत रत्नागिरी-कोकणाकडील मराठी कुटुंबेही होती. आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसची सार्वजनिक सुटी आहे, ती त्यांच्याच वंशजांमुळे.

डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये येथे येऊन उपाय सुचवून गेले. तरीही १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथील सरासरी आयुर्मान जेमतेम ३३ वर्षे होते. याचा अर्थ तिशी ओलांडताच माणसे मरत असा नव्हे. पाळण्यातच मिटलेल्या असंख्य जिवांचे ओझे त्या सरासरीवर होते.

१९४९ च्या सुमारास घरोघरी डीडीटी फवारण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच हे आयुर्मान पन्नाशीच्या आसपास पोहोचले. १९६० च्या सुमारास ते साठीला टेकले. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशसला हिवतापमुक्त घोषित केले. १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोग पुन्हा डोकावला, पण त्याला आवर घालण्यात आला. हिवताप असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर आजही आरोग्य खात्याची नजर असते. स्वातंत्र्यानंतर सरकारी रुग्णालयांतील मोफत उपचारांनी आणि मोफत शिक्षणाने उरलेली मजल गाठली. आता सरासरी आयुर्मान चौऱ्याहत्तरच्या आसपास असून स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे सहा-सात वर्षे अधिक जगतात.

गेल्या काही दशकांत मात्र ही चढण मंदावली आहे. कारण पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात सहज दिसते. गरम दालपुरी, तळलेले पदार्थ, दूध-साखरेचा गारेगार आलुदा आणि भोवती खरेदीदारांची गर्दी. दर पाच प्रौढांमागे किमान एकाला मधुमेह आहे. ज्या साखरेने बेटाचे अर्थकारण उभे केले, ती आता रक्तातून वसुली करते आहे.

व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावा असा एक प्रयोग या देशाने केला. १९८७ नंतर शासनाने रेशनवर मिळणाऱ्या तेलातील पामतेल बव्हंशी काढून त्याजागी सोयाबीन तेल आणले. १९९२ पर्यंत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली. एकाही गृहिणीला आपली पाककृती बदलावी लागली नाही. बदल झाला तो डब्यातल्या तेलात. मधुमेहाला असा एकच डबा नसल्याने तो मात्र वाढतच राहिला.

दीर्घायुष्याचा हिशेब तिजोरीतही मांडावा लागतो. मॉरिशसमध्ये अनेक दशके साठी गाठलेल्या नागरिकाला, त्याने हप्ते भरलेले असोत वा नसोत, शासकीय निवृत्तिवेतन मिळत आले. जन्म घटले, वृद्ध वाढले आणि भार पेलवेना. २०२५ च्या अर्थसंकल्पात ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याची घोषणा झाली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या संतापात तथ्य होते. ऊसतोडणीत हाडे झिजवलेल्या, साठीतच मधुमेहाने पाय गमावू पाहणाऱ्या माणसाला सरासरी चौऱ्याहत्तर वर्षांचा दाखला देऊन आणखी पाच वर्षे थांबण्यास सांगणे सोपे नाही. सरासरी देशाची असते. म्हातारपण ज्याचे त्याला एकट्यालाच काढावे लागते.