मुक्काम किती दिवसांचा?

सहलीचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न असतो ‘कुठे’ आणि दुसरा ‘कधी’. ‘किती दिवस’ हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. परतीचे तिकीट ज्या तारखेचे मिळेल, तीच तारीख त्याचे उत्तर ठरते. तीर्थयात्रेत ही उणीव फारशी जाणवत नाही. शिखरजीला जाणाऱ्याला डोंगराची सत्तावीस किलोमीटरची वंदना ठाऊक असते; चढ, टोंकांची परिक्रमा आणि उतार मिळून दिवस किती लागणार, हे ती वाटच सांगते. थीम पार्कला असे माप नसते. तेथे एक दिवसही पुरतो आणि चार दिवसही अपुरे पडतात. म्हणून तेथील मुक्कामाचा निर्णय कुटुंबाला स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो घेताना घरातील कितीतरी न बोललेल्या गोष्टी वर येतात.

हा प्रश्न तसा जुना नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नीलँड सुरू झाले, तेव्हा ते एका दिवसात पाहून होणारे उद्यान होते. फ्लोरिडात १९७१ साली उघडलेल्या डिस्ने वर्ल्डची कल्पना निराळी होती. तेथे उद्यानासोबत हॉटेले उभी राहिली, पुढे आणखी उद्याने आली, आणि पाहुण्याने आठवडाभर तेथेच राहावे अशी रचना झाली. महाराष्ट्रात १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. आज चाळिशीत असलेल्या विदर्भातील अनेकांनी ते मुंबईच्या नातेवाइकांकडे उतरून, एका दिवसात पाहिलेले आहे. मुक्कामाचा प्रश्न मावशी किंवा आत्या सोडवीत असे. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडले. पुढे तेथे वॉटर पार्क आणि शेजारी हॉटेलही आले, आणि ‘किती दिवस’ हा प्रश्न मराठी घरांत आला.

गोंदियातील कापडाचा व्यवसाय असलेल्या एका कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न चांगलाच रंगला. घरात पाच माणसे: पंचाहत्तरीला पोहोचलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून, बारावी होऊन पुण्याला शिकायला निघालेली नात आणि तेरा वर्षांचा नातू. काळ ठरविणे सोपे गेले. लग्नसराई जूनच्या मध्यापर्यंत ओसरते. कडक उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात; त्यामुळे पुण्या-मुंबईची मुले वर्गात बसलेली असताना गोंदियाची मुले मोकळी असतात. या दिवसांत, त्यातही बुधवार-गुरुवारी, रांगा आखूड असणार हे उघड होते. शिवाय चातुर्मास लागल्यावर आजी प्रवास करीत नाहीत. म्हणजे जूनचा तिसरा आठवडा हाच एक मार्ग उरला.

दिवसांच्या संख्येवर मात्र एकमत होईना. नातवाची मागणी सरळ होती: दोन दिवस थीम पार्क, एक दिवस वॉटर पार्क, आणि जाण्या-येण्याचे दिवस वेगळे. वडिलांचा हिशेबही तितकाच सरळ होता. सकाळी उतरायचे, त्याच दिवशी पार्क पाहायचे, रात्री झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची. दुकान फार दिवस नोकरांवर सोडता येत नाही, हे त्यांनी सांगितलेले कारण. न सांगितलेले कारण असे, की मुलीच्या प्रवेशाचा आणि वसतिगृहाचा खर्च नुकताच समोर आला होता.

या हिशेबात एक गंमत होती. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी निघून दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणला पोहोचते. अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. घरापासून खोपोलीपर्यंत धरले तर जाण्या-येण्याचे मिळून छत्तीसएक तास होतात, आणि पार्कमधील एक दिवस म्हणजे फार तर आठ तास. ‘आठ तासांसाठी छत्तीस तास?’ असे वडीलच एकदा बोलून गेले, आणि मुलाने ते वाक्य उचलून धरले. एवढ्या लांब जायचेच तर जास्त राहिले पाहिजे! वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. वस्तुतः प्रवासाचे तास कोणत्याही परिस्थितीत खर्च होणारच असतात. ते वसूल करण्यासाठी तिसरा दिवस वाढविल्याने ते परत मिळत नाहीत. तिसरा दिवस स्वतःच्या गुणावर उभा राहतो का, एवढेच पाहायचे असते. पहिल्या दिवशी मन भरून पाहिलेल्या राइड दुसऱ्या दिवशी पुन्हा करण्यात मौज असतेच. पण ती पहिल्याइतकी नसते, आणि तिसऱ्या दिवशी तर पायच आधी बोलू लागतात.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. म्हणजे जूनच्या मुक्कामाचा निकाल एप्रिलमध्येच लावायचा होता. पाच दिवसांची यादी एकदा जेवणाच्या ताटांवरून वाचली गेली, तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते.” गुडघ्यांचे निमित्त त्यांनी पुढे केले. मुलाने आपली एका दिवसाची योजना सांगितली, तर त्यांनी नुसती मान हलविली. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट पार्कच्या दारात उभे राहणे त्यांना तितकेच अशक्य होते.

सुनेच्या लक्षात आले, की दिवसांची संख्या ठरविताना घरातील कोण येणार हेही नकळत ठरत होते. पाच दिवस म्हटले की आजी गळत होत्या, एक दिवस म्हटले तरी त्याच गळत होत्या. आणि जुलैत नात पुण्याला गेल्यावर ही पाच माणसे पुन्हा एकत्र प्रवासाला कधी निघतील, याची खात्री कोणालाच नव्हती. सुनेने मग वहीचे एक पान प्रत्येकापुढे ठेवले आणि ‘जे झाले नाही तर वाईट वाटेल’ तेवढेच लिहायला सांगितले. नातवाने नायट्रो हे रोलर कोस्टर, राजासॉरस आणि वॉटर पार्क लिहिले. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून ज्या भारतीय डायनोसॉरला राजासॉरस हे नाव मिळाले, त्याच्याच नावाची ती पाण्यातील राइड. वडिलांनी लिहिले, ‘एक दिवस उशिरापर्यंत झोप’. आजींनी लिहिले, ‘सूर्यास्तापूर्वी जेवण, जवळ राहण्याची जागा’. नातीने आपला कागद कोराच परत केला. तिला काही सुचले नाही, असे ती म्हणाली.

या पानांची बेरीज पाच दिवसांची होत नव्हती आणि एका दिवसाचीही होत नव्हती. दोन रात्रींचा मुक्काम ठरला. मंगळवारी पहाटे कल्याणला उतरून मोटारीने हॉटेल गाठायचे आणि तो दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा. बुधवार थीम पार्कचा. गुरुवारी सकाळी ज्यांना हवे त्यांनी वॉटर पार्कला जायचे आणि संध्याकाळी कल्याणहून परतीची गाडी धरायची. कंदमुळाशिवायचे जेवण आणि त्याची वेळ हॉटेलला आधीच फोन करून विचारून घेतली गेली. खाकरे आणि चिवडा डब्यात होताच. मंगळवारचा मोकळा दिवस नातवाला सर्वात खटकला. पार्कच्या दाराशी जाऊन आत न जाणे, हे त्याला अन्यायाचे वाटले.

खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. ज्या पावसाच्या भरवशावर १९१५ साली तेथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तो पाऊस मंगळवारी दिवसभर कोसळत होता. बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. वडील दुपारपर्यंत झोपले. आजी आणि नात गॅलरीत बसून राहिल्या, आणि बोलता बोलता आजींनी नातीला आपल्या लग्नाची हकीकत सांगितली. बालाघाटहून गोंदियाला त्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने नवरी म्हणून आल्या होत्या. ट्रंक डब्याच्या दाराशी, सासर अनोळखी, आणि गाडी इतकी हळू, की रडून झाले तरी स्टेशन येईना. त्या मार्गावर आता मोठी गाडी धावते. नातीला छोट्या गाडीविषयी काहीच ठाऊक नव्हते. घर सोडून निघालेल्या मुलीला घर सोडून आलेल्या आजीने हे सांगितले, ते रोजच्या घाईत सांगितले गेले नसते. कोऱ्या कागदावर काय लिहायचे होते, हे नातीला बहुधा त्या दिवशी उमगले.

बुधवारी पावसाची उघडझाप होती. जोराची सर आली की उघड्यावरील राइड सुरक्षिततेसाठी थांबवतात. छपराखालच्या चालू राहतात. त्यामुळे अर्धी यादी झाली आणि नायट्रो राहिले. साडेपाच वाजता आजींच्या जेवणाची वेळ होत आली. येथे कुटुंबाने जे केले, ते सहज सुचत नाही: सर्वांनी एकाच वेळी निघायचे हा आग्रह सोडला. आजी, सून आणि नात हॉटेलवर परतल्या. वडील आणि मुलगा थांबले. अर्ध्या तासाने आभाळ उघडले आणि मुलाला नायट्रो मिळाले, पण एकदाच. एका कुटुंबाचा मुक्काम एकाच लांबीचा असावा लागत नाही. पाहणाऱ्याची भूक निराळी असते, तशी थांबण्याची मुदतही निराळी असू शकते.

गुरुवारी वॉटर पार्कहून परतल्यावर मुलाने आणखी एक दिवस मागितला. नायट्रो त्याला निदान पाच वेळा करायचे होते. वडील डळमळले, दुकान, खर्च सारे विसरून ते फोनवर शनिवारची गाडी पाहू लागले. आजीच म्हणाल्या, “त्याच्यासाठी राहू एक दिवस.” त्यांच्या गुडघ्यांची सूज सुनेने सकाळीच पाहिली होती. नातवावरील मायेपोटी त्यांनी दिलेली ही परवानगी स्वीकारणे म्हणजे तिची किंमत त्यांनाच मोजायला लावणे होते. सुनेने नकार दिला आणि तो स्वतःच्या नावावर घेतला. आजींचे नाव मध्ये येऊ दिले नाही. कल्याणपर्यंत मुलगा एक शब्दही बोलला नाही. ही रुखरुख खरी होती, आणि ती लगेच पुसून टाकण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. इगतपुरी मागे पडल्यावर त्याने खाकऱ्याचा डबा मागितला.

मुक्काम लांबला की आनंद त्या प्रमाणात वाढतो, असे आपण धरून चालतो. नोबेल मानकरी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली केलेला एक प्रयोग याबाबत विचार करायला लावतो. लोकांनी एकदा अतिथंड पाण्यात साठ सेकंद हात ठेवला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यांत पाणी किंचित कमी थंड केले होते. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे अधिक त्रासाचा, पर्याय निवडला. कारण त्याचा शेवट सुसह्य होता. स्मरणात काळाची लांबी फार उरत नाही; तीव्रतेचा क्षण आणि शेवट उरतो. सहलीलाही हे लागू पडावे. थकून, चिडून, दुखऱ्या पायांनी संपलेला चौथा दिवस पहिल्या तिन्ही दिवसांची चव बदलून टाकू शकतो.

अर्थात प्रत्येक जागेला हे माप लावता येत नाही. गोंदिया जिल्ह्यातच नवेगावबांध आहे. मारुती चितमपल्ली यांनी वन खात्यातील नोकरीची कितीतरी वर्षे तेथे काढली, आणि त्या तलावाने, पक्ष्यांनी व तेथील माणसांनी त्यांना लेखनाचा न आटणारा साठा दिला. जंगल मुक्कामागणिक उलगडत जाते. थीम पार्क माणसाने आखलेले असते. त्यात काय आहे ते नकाशावर छापलेले असते. आखलेल्या जागेला आखलेला वेळ पुरतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगपरिमाण आहे. भोगाचा त्याग हा साधूंचा मार्ग; गृहस्थाला त्याचे परिमाण ठरवायला सांगितले आहे. हे परिमाण भोग समोर येण्यापूर्वी ठरवायचे असते, कारण समोर आल्यावर मन नेहमी आणखी एक दिवस मागते. एप्रिलमध्ये वहीच्या पानावर केलेला हिशेब जूनमध्ये उपयोगी पडला, तो याच कारणाने.

दिवाळीच्या सुट्टीचे बेत आखणाऱ्या घरांनी म्हणून तारखांआधी माणसे मोजावीत. सर्वात थकणाऱ्याला किती झेपेल आणि सर्वात उत्साही असलेल्याला किमान काय हवे, या दोन टोकांमध्ये मुक्काम बसवावा. रात्रीच्या प्रवासानंतरचा दिवस मोकळा सोडावा. लवकर परतणाऱ्यासोबत कोण परतेल, हे आधी ठरवून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कोणाला ओझे झाल्यासारखे वाटत नाही. आणि यादीत कोणाचा कागद कोरा आला, तर त्याला बाजूला नेऊन पुन्हा एकदा विचारावे.